नऊ मिनिटांची प्रश्नावली

६ जानेवारी

नवी वही आणली. आमचे प्रमुख परवा बैठकीत म्हणाले, "आपण लोकांना विचारतो, तुमच्या मदतीचा उपयोग किती झाला. मग आपल्या दिवसाचा उपयोग किती झाला, हेही आपण लिहून ठेवायला हवं." आम्ही त्यांना पाठीमागे दशांश म्हणतो. चहा किती घेणार, असं विचारलं तरी ते पूर्णांकात उत्तर देत नाहीत. तर महिनाभर लिहून बघते. फायदा दिसला नाही तर बंद.

पुढेमागे ही वही वाचायला घेईन तेव्हा काही आठवणार नाही, म्हणून आधी स्वतःबद्दल. वय एकोणचाळीस. अकरा वर्षं विमा कंपनीत होते, माणसं साधारण कोणत्या वयात जातात याचे तक्ते करत. दोन वर्षांपूर्वी ते सोडून इथे आले. आम्ही सहाजण आहोत. ज्यांना दान करायचंय त्यांना आम्ही सांगतो, की कुठे दिलंत तर जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं होईल. अंदाजाने नाही, मोजून. पगार निम्म्यावर आला, त्यातला दहावा हिस्सा मी देऊन टाकते. ताई म्हणते, "तुला कोणीतरी नादी लावलंय." कोणी लावलेलं नाही. गणित केलं होतं.

९ जानेवारी

नवं काम मिळालं. एका मोठ्या देणगीदाराला दोहोंतून एक निवडायचंय. एक, शाळेतल्या मुलांचे डोळे तपासून चष्मे देणं. त्याचा उपयोग याआधीच पक्का मोजून झालाय. दुसरं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आठवड्यातून एकदा फोन करून पंधरा मिनिटं गप्पा मारणं. त्याचा उपयोग अजून कोणी मोजलेला नाही. तो मी मोजायचा. सप्टेंबरात अहवाल.

ही फोनसेवा एक निवृत्त मेट्रन बाई चालवतात. सायकलच्या दुकानावर दोन खोल्या, सहा टेलिफोन, भिंतीवर खडूने लिहिलेले वार. प्रतीक्षायादीत एकशेवीस नावं होती. चिठ्ठ्या टाकून साठजणांना लगेच फोन सुरू करायचे आणि उरलेल्या साठांना अभ्यास संपल्यावर. म्हणजे दोन्हींची तुलना होते. मी त्यांना फोनवाले आणि बिनफोनवाले अशी नावं दिली.

चिठ्ठ्या काढताना मेट्रन बाईंनी डोळे मिटून घेतले. म्हणाल्या, "आणि ह्या उरलेल्यांना काय सांगू? तुमच्या वाट्याला मोजमाप आलं म्हणून?" मी म्हटलं, नऊ महिन्यांचाच प्रश्न आहे. त्या म्हणाल्या, "ज्याला अगदीच वाट बघवत नाही, त्याच्या हातात मी यादीच देते आणि म्हणते, कर तू दुसऱ्याला फोन. माझे निम्मे फोन करणारे असेच आलेत." मी नोंद केली: स्वयंसेवक निवडण्याची पद्धत शास्त्रशुद्ध नाही.

१३ जानेवारी

प्रश्नावली तयार झाली. एकोणीस प्रश्न, नऊ मिनिटं. दर पंधरवड्याला प्रत्येकाला फोन करून विचारायची. फोनवाल्यांना विचारायचं काम शेजारच्या टेबलावरच्याकडे. त्याला सहा महिन्यांची जुळी आहेत, म्हणून तो आमच्याकडे जुळ्यांचा बाप या नावानेच ओळखला जातो. बिनफोनवाले माझ्याकडे.

खरा प्रश्न सातवा: 'गेल्या सात दिवसांत असे किती दिवस गेले, की तुम्ही कोणाशीच सलग पाच मिनिटं बोलला नाहीत?' वाक्य नीट कळतंय का ते बघायला मी सगळी प्रश्नावली स्वतःवर चालवून पाहिली. सातव्याचं उत्तर सहा आलं. कार्यालयातलं 'ती फाइल दे' धरलं नाही, कारण ते पाच मिनिटं होत नाही. प्रश्न स्पष्ट आहे, बदलायची गरज नाही. मी नमुन्यात बसत नाही, वय पासष्टच्या वर लागतं.

३ फेब्रुवारी

नावं वापरायची नाहीत, क्रमांकच वापरायचे, असा नियम आहे. आज क्रमांक एक्केचाळीस, दुसरी फेरी. वय एकाहत्तर, पत्नी चार वर्षांपूर्वी गेली, जन्मभर लिफ्ट दुरुस्तीचं काम. सातव्याचं उत्तर पाच. मी पुढचा प्रश्न वाचणार तोच म्हणाले, "मॅडम, एक मिनिट थांबा, ऐका." रिसीव्हर बहुधा भिंतीला लावला. घरघर, मग एकदम धक्का, मग पुन्हा घरघर. "ऐकलंत? तिसऱ्या मजल्याला दचकते ती. तीन महिने सांगतोय सोसायटीला. कोण ऐकतंय! मी काय आता पगारावर नाही."

मी विचारलं, धोका आहे का? "छे हो. माणसाला नाही धोका. तिला त्रास होतो."

बावीस मिनिटं. तेरा मिनिटं जास्त.

१ मार्च

महिना होऊन गेला तरी लिहितेच आहे. उपयोग काय ते सांगता येत नाही.

रविवार. ताईचा फोन. चार मिनिटं. ती नेहमीचं म्हणाली, मागची खोली रिकामीच पडलीय, चार दिवस ये. मी सांगितलं, जाण्यायेण्यात अठ्ठावीस तास जातात. ती म्हणाली, "तासांचं मला सांगू नकोस. सगळ्या जगाचं भलं कर बाई, पण त्या जगात मला धर." मी म्हटलं, ठेवते, दूध उतू जातंय. दूध नव्हतं.

३१ मार्च

प्रश्नावलीच्या शेवटी मी एक विसावा प्रश्न घातलाय: 'आणखी काही सांगायचंय?' तो छापील कागदावर नाही. नुसता धाडकन फोन ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून सभ्यपणा. क्रमांक बारा शाळेत भूगोल शिकवायच्या. त्या या प्रश्नाला दर वेळी एका नदीचा उगमापासून मुखापर्यंतचा सगळा रस्ता सांगतात, आणि मध्ये काही चुकलं तर मागे जाऊन पुन्हा सांगतात. क्रमांक चोपन्न रागीट आहेत. "सांगायचंय काय, काही नाही," असं म्हणतात आणि मग पाऊण तास बोलतात.

जुळ्यांचा बाप मात्र एकोणीसच्या एकोणीस प्रश्न नऊ मिनिटांत संपवतो. पाचला त्याला घरी पळायचं असतं. चोख काम आहे त्याचं.

१४ एप्रिल

एक्केचाळीस म्हणाले, "मॅडम, तुम्ही रोज इतक्या जणांना विचारता, तुम्हाला कोण विचारतं हो?" मी म्हटलं, काका, नियमाप्रमाणे मला माझ्याबद्दल बोलता येत नाही. म्हणाले, "बरं बरं. सोसायटीचा आहे का नियम? मग कोणी पाळत नसेल." मला हसू आलं. फोनवर हसल्याची नोंद करायला रकाना नाही.

२६ एप्रिल

आई गेली त्याला आज तीन वर्षं. ताईने फोन केला. म्हणाली, "तू पैसे पाठवलेस. वेळेवर पाठवलेस. चांगली बाई ठेवलीस दिवसरात्र. माझी तक्रार नाही." तिची तक्रार नाही हे तिने तीन वर्षांत कितीदा सांगितलंय.

मी तेव्हा काय विचार केला होता ते लिहूनच टाकते. आईला ओळख राहिलेली नव्हती. मी जाऊन बसल्याने तिच्या तब्येतीत फरक पडणार नव्हता. शिकलेली बाई माझ्यापेक्षा चांगलं करणार होती. ह्यातलं एकही वाक्य चूक नाही. दर वर्षी मी ते तपासून पाहते आणि दर वर्षी बरोबर निघतं. तरी आज जेवण गेलं नाही.

९ जून

विमा कंपनीतला जुना सोबती रस्त्यात भेटला. तो आता विभागप्रमुख आहे. घरी येऊन हिशेब मांडला: मी तिथेच राहून निम्मा पगार दान केला असता, तर आज इथे राहून जे करतेय त्याच्या तिप्पट भलं झालं असतं. दोनदा मांडला. तिप्पटच.

मग इथे का आले? काम उपयोगाचं वाटावं म्हणून. पण वाटणं म्हणजे काय, ते कोणाला वाटायचं, आणि ते वाटण्यासाठी दुसऱ्या कोणाचे तरी चष्मे गेले त्याचं काय? दशांशना विचारलं तर ते विभागून दाखवतील. दुसरं विचारण्यासारखं माणूस सुचलं नाही. बाराव्या क्रमांकाच्या बाईंना विचारावंसं वाटलं होतं, पण त्यांची नदी मुखाशी आली होती.

११ ऑगस्ट

आठवडाभर घसा बसला होता. आवाजच नाही, मग फोन कसे करणार? खोलीत पडून होते. कोणाला कळण्याचं कारण नव्हतं, कळलंही नाही.

आज फोन पुन्हा सुरू केले. एक्केचाळीसनी पहिल्या घंटेलाच उचलला. "मागच्या मंगळवारी आला नाहीत. रिसीव्हर दोनदा उचलून बघितला, लाइन चालू आहे का म्हणून. बरं नव्हतं का?" मी हो म्हटलं. त्यांनी आल्याचा तुकडा तोंडात धरायला सांगितला, गिळायचा नाही, नुसता धरायचा. मग स्वतःच म्हणाले, "हं, विचारा आता सातवा. उत्तर दोन. पण मागच्या आठवड्याचं नका विचारू."

आलं आणलं. तिखट लागलं. डोळ्यांत पाणी आलं.

११ सप्टेंबर

आकडे हाती आले. सातव्या प्रश्नाची सरासरी जानेवारीत दोन्हीकडे ४.८ दिवस होती. आता फोनवाल्यांची २.९. बिनफोनवाल्यांची ३.०. म्हणजे फोन आला काय नि न आला काय, माणसं आपली आपण सावरतात. फरक शून्य.

मला वाईट वाटलं, पण आकड्यांवर रुसून कसं चालेल? अहवालात लिहिलं: 'सेवेचा मोजता येण्याजोगा परिणाम आढळला नाही.' दशांश म्हणाले, "स्वच्छ अभ्यास. ०.१ चा फरक, वा." मेट्रन बाईंना फोनवर कळवलं. त्या म्हणाल्या, "तुमचं शिक्षण जास्त आहे. पण जानेवारीत रडत फोन घेणारी माणसं आता मला विनोद सांगतात, ते कशात बसतं?" मी समजावलं की उरलेले साठही तसेच सुधारलेत, एकही फोन न येता. त्या म्हणाल्या, "एकही नाही?" मी म्हटलं, एकही नाही.

देणगी नाही आली तर डिसेंबरात त्या दोन्ही खोल्या सोडणार आहेत.

२२ सप्टेंबर

अहवालाच्या शेवटी टेलिफोनच्या वापराचा एक तक्ता जोडायचा होता. त्यात नुसती बेरीज लागते. मी सवयीने सरासरी काढली.

जुळ्यांच्या बापाचा एक फोन: नऊ मिनिटं. माझा एक फोन: एकतीस मिनिटं.

पंधरवड्याला एकतीस. म्हणजे आठवड्याला पंधरा.

मेट्रन बाईंची माणसं फोनवाल्यांशी आठवड्याला पंधरा मिनिटं बोलत होती. आणि बिनफोनवाल्यांशी आठवड्याला पंधरा मिनिटं मी बोलत होते.

मी मोजायला गेले आणि जे मोजायचं तेच वाटत बसले. नऊ महिने ज्यांना मी बिनफोनवाले म्हणत होते, त्यांच्याशी मी फोनवरच बोलत होते. मेट्रन बाईंनी 'एकही नाही?' असं विचारलं तेव्हा रिसीव्हर माझ्याच हातात होता.

२५ सप्टेंबर

तीन दिवस कोणाजवळ बोलले नाही. अहवाल गेलाय. हा तक्ता कोणी उघडून बघणार नाही आणि बघितला तरी त्याला बेरीजच दिसेल. चष्मे हे चांगलंच काम आहे. मी गप्प राहिले तर मुलांना चष्मे मिळतील, बोलले तरी बहुधा मिळतीलच. मग बोलून कोणाचं भलं? उत्तर शून्याच्या आसपास येतं.

पण त्या बाईंना मी सांगितलंय, की तुमच्या कामाचा उपयोग नाही. त्या ते खरं मानून खोल्या सोडतील. मला हे सहन होत नाही. याला आकडा लावता येत नाही, तरी सहन होत नाही.

२८ सप्टेंबर

सकाळी दशांशच्या खोलीत जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "मग नऊ महिन्यांनी आपल्या हातात काय आहे?" मी म्हटलं, काही नाही. फोनचा उपयोग होतो असंही सिद्ध होत नाही, होत नाही असंही नाही. ते म्हणाले, "एकतीस मिनिटं? एकोणीस प्रश्नांना? तुम्ही विचारत काय होतात?"

मी विसाव्या प्रश्नाबद्दल सांगितलं. का घातला, म्हणाले. सभ्यपणा, मी म्हटलं. माणूस वाईट नाही. शेवटी म्हणाले, "अहवाल मागे घेऊ. खरं ते कळवू. पण यापुढे फोनवर तुम्ही नको. तुम्ही आतल्या टेबलावर बसा, तक्ते करा." म्हणजे विमा कंपनीत करत होते तेच. मी बरं म्हटलं.

३० सप्टेंबर

मेट्रन बाईंकडे स्वतः गेले. वाटलं होतं, चांगलं सुनावतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साठजणांशी? एकटीने? नऊ महिने?" मी मान हलवली. त्या इतक्या हसल्या की खालून सायकलवाल्याने आवाज दिला, बाई ठीक आहात ना? मग डोळे पुसत म्हणाल्या, "माझ्याकडे साठांना बाराजण पुरत नाहीत हो."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ती राहू दे. चहा घेणार?" मी निघाले, वेळ झाला होता.

कसला वेळ झाला होता, ते वाटेत आठवून बघितलं. कसलाच नाही.

१४ ऑक्टोबर

देणगीदाराने पैसे चष्म्यांना दिले. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. मुलांना फळा दिसेल. याचा मला खरोखर आनंद आहे, आणि तो एकटीने करण्यासारखा नाही, एवढंच.

अभ्यास संपला की सगळ्यांचे टेलिफोन क्रमांक खोडायचे, असा नियम आहे. मी साठही खोडले. एक्केचाळीसचा पाठ होता. तो विसरण्याचा नियम कसा पाळायचा ते कुठे लिहिलेलं नाही. पण आपण होऊन फोन करायचा नाही, हे लिहिलेलं आहे. केला नाही. शेवटचा फोन एक सप्टेंबरला झाला होता. तेव्हा शेवटचा आहे हे मी त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "असं का? बरं. लिफ्टचं पुढे काय झालं ते तुम्हाला कळणार नाही मग."

आतल्या टेबलावरून खिडकी दिसत नाही. आज दिवसभरात 'ती फाइल दे' सुद्धा नाही.

१ नोव्हेंबर

रविवार. ताईचा फोन आला नाही. मी केला, तर तिने उचलला नाही. कुठे बाहेर गेली असेल. दूध खरोखरच उतू गेलं.

७ नोव्हेंबर

मेट्रन बाईंनी एक खोली सोडली, दुसरी ठेवलीय. सहापैकी तीन टेलिफोन राहिलेत. फोन करणारी माणसं आता आपापल्या घरून करणार. मी ठरवलं, आपल्यामुळे झालंय तर आपण फोन करायला लागायचं. शनिवार होता, गेले. त्यांनी एक फॉर्म दिला. नाव, पत्ता, टेलिफोन, घरात आणखी कोण. तिथे रेघ मारली. "वार कुठला सोयीचा?" मी म्हटलं, मंगळवार, दुपारी एक, जेवणाच्या सुट्टीत. "बोलायला आवडतं?" मी म्हटलं, तसं काही नाही, पण कामापुरतं जमतं. त्यांनी काहीतरी लिहिलं आणि कागद ड्रॉवरमध्ये टाकला. कोणाला फोन करायचे ती यादी मागितली, तर म्हणाल्या, "कळेल मंगळवारी."

१० नोव्हेंबर

मंगळवार. यादी आली नाही. एक ते दीड वाट बघितली. बाईंचा कारभार पहिल्यापासून असाच.

१७ नोव्हेंबर

एक वाजता माझा फोन वाजला. पुरुषाचा आवाज, कागदावरून वाचल्यासारखा: "नमस्कार. मी फोनसेवेतून बोलतोय. यापुढे दर मंगळवारी तुम्हाला फोन करायचं काम माझ्याकडे आलंय. नवा आहे, मागच्या मंगळवारी हिंमत झाली नाही, सांभाळून घ्या."

मागे घरघर चालू होती. मी धक्क्याची वाट बघत राहिले. धक्का बसला नाही.

मी म्हटलं, "काका, लिफ्ट दुरुस्त झाली?"

"मॅडम? अहो, तुम्ही?"

मी घाईघाईने सांगितलं, की यादीत चूक झालीय. मी फोन करणाऱ्यांत नाव दिलं होतं, मेट्रन बाईंनी ते फोन घेणाऱ्यांत घातलं. फॉर्मच बदलला गेला असणार. काका म्हणाले, "असेल, असेल. मीसुद्धा फोन घेणाऱ्यांतच नाव दिलं होतं, तर त्यांनी मला यादी दिली. गोंधळ आहे खरा." मग कागदाचा आवाज झाला. "तुमच्या नावापुढे त्यांनी लिहिलंय, एकटी असते, बोलायला आवडतं, विचारलं तर नाही म्हणते."

मी म्हटलं, आजच सांगून दुरुस्त करून घेते. ते म्हणाले, "घ्या की. तोपर्यंत सुट्टी आहे ना तुमची? मला दुसरं काही विचारता येत नाही, तुमचा सातवा तेवढा पाठ आहे. विचारू?" आणि विचारलासुद्धा, शब्दन् शब्द बरोबर. गेल्या सात दिवसांत असे किती दिवस गेले.

मी म्हटलं, "सहा."

आठव्या प्रश्नाची वाट बघितली. तो आलाच नाही. काका नुसते म्हणाले, "हं. मग सांगा."

मी आईचं सांगितलं. पैसे वेळेवर पाठवले होते इथपासून.

मेट्रन बाईंना फोन करून यादी दुरुस्त करून घ्यायची आहे. पुढच्या मंगळवारनंतर बघू. टेबलावर परत आले तेव्हा सगळे जेवून कामाला लागले होते आणि दशांश घड्याळाकडे बघत होते. किती मिनिटं झाली ते बघायचं माझं राहूनच गेलं.